अंगण आमचे, परवाना बाटलीचा!

महाराष्ट्रात दारू प्यायची तर परवाना लागतो, आणि तो कशासाठी दिला हे त्या कागदावरच छापलेले असते: आरोग्याच्या जपणुकीसाठी व संवर्धनासाठी! एका दिवसाचे आरोग्य देशीचे असेल तर दोन रुपयांत, विदेशीचे असेल तर पाच रुपयांत. १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या पोटी जन्मलेल्या या विनोदावर आजवर कोणी हसले नाही, कोणी रागावलेही नाही. करोनाची साथ आली तेव्हा मात्र सरकारने हा विनोद अगदी गांभीर्याने अमलात आणला. मे २०२०मध्ये शाळा बंद, बरेच कारखाने बंद, आठवडी बाजार बंद. आणि ४ तारखेपासून दारूची दुकाने उघडी. पंधरवडा उलटत नाही तोच घरपोच बाटली. पाठोपाठ बार आणि परमिट रूमनाही मुभा मिळाली, की शिल्लक माल सीलबंद बाटलीतून छापील किमतीला विका. आत बसायचे नाही, बाटली घ्या आणि चालते व्हा!

कुठे चालते व्हा? मंत्रालयात बसून हुकूम काढणाऱ्याला हा प्रश्न पडला नाही, कारण त्याच्या घराला दिवाणखाना आहे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कामगाराला तो नाही. इसासनी, निलडोह, डिगडोहच्या वस्तीत दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत चार-चार जण झोपतात, नाहीतर बायको आणि लेकरे असतात. तो बाटली घेऊन बसला हिंगणा रोडच्या कडेला, मेट्रोच्या खांबाखाली, बंद कारखान्याच्या कुंपणाला टेकून, ऑमलेटच्या गाडीमागे. प्लास्टिकचा ग्लास, पाण्याचे पाऊच, फल्लीदाण्यांची पुडी. बारची खोली बंद होती. रस्ता परमिट रूम झाला. त्यासाठी ना अर्ज झाला, ना नकाशा मंजूर झाला, ना एक पैसा शुल्क भरले गेले. पोलिसांनी धरला तर तो पिणारा, कलम ८४ खाली. फार तर ढाबेवाला, कलम ६८ खाली. ज्याने रस्त्यावर प्यायला लावले त्या सरकारसाठी कायद्यात कलमच नाही!

साथीत बारबाहेर टेबले मांडण्याची सोय इतरत्रही झाली. इंग्लंडने जुलै २०२०मध्ये खास कायदा करून पबवाल्यांना फुटपाथवर खुर्च्या मांडायला स्वस्तात परवाने दिले. शुल्काची कमाल मर्यादा शंभर पौंड. पण अर्जदाराला दारावर नोटीस चिकटवावी लागे, आणि शेजारच्याला हरकत घ्यायला मुदत मिळे. मुदत तुटपुंजी होती, आणि नगर परिषद मुदतीत बोलली नाही तर परवाना मिळाला असे समजले जाई, ही त्यातली चलाखी. तरी कागद होता, दारावर होता, आजीबाईला चष्मा लावून वाचता येत होता. आमच्याकडे? ज्या बाईच्या दारासमोर मैफल भरली तिला कोणी विचारले? गर्दी नको म्हणून ग्रामसभा थांबवल्या. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक बसवले. म्हणजे बाटलीला दार उघडे आणि बाटलीविरुद्ध बोलण्याची जागा कुलपात!

तिकडच्या गोष्टीचा शेवटही ऐकून ठेवा. ती ‘तात्पुरती’ सोय एकदा वाढली, पुन्हा वाढली, आणि ३१ मार्च २०२४पासून कायमची झाली. तात्पुरत्या सवलतीचा हा स्वभावच आहे. मुदत लिहिली तरी ती लांबते, आणि लिहिलेलीच नसेल तर घरजावयासारखी राहते.

बारमालक म्हणतील, आमचे वेटर उपाशी मेले असते. खरे आहे. ज्या पोराने महिनोन्महिने पगार पाहिला नाही त्याची चूल आम्हाला कुठल्याही महसुलापेक्षा मोठी वाटते. बंद खोलीपेक्षा मोकळी हवा बरी, हेही साथीने शिकवले. मंजूर नकाशातल्या मोकळ्या जागेत, ठरल्या वेळेत, ठरल्या तारखेपर्यंत टेबले मांडू द्या. आमची ना नाही. संपूर्ण दारूबंदीचा जयघोषही आम्ही करत नाही. हिंगण्याला लागून असलेला वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून कागदावर कोरडा आहे, आणि तो किती कोरडा आहे हे सीमेवरच्या पोरांनाही ठाऊक आहे. एप्रिल २०२१मध्ये वणीला दुकाने बंद होती म्हणून सॅनिटायझर पिऊन सात माणसे मेली. त्या माणसांना दुकान हवे होते असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, त्यांना व्यसनमुक्तीची खाट हवी होती. ती देण्याची घाई कोणाला झाली नाही.

घाई झाली ती दुसरीकडेच. ५ ऑक्टोबर २०२०ला बार निम्म्या क्षमतेने उघडले. आठवड्याभरात राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले, की बार उघडले आणि देव मात्र टाळेबंदीत! दोन्हीकडचे शूर मग देवळावरून महिनाभर भांडले. पहिलीतल्या पोरीसाठी कोणी असे पत्र लिहिले नाही. खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना राज्याची परवानगी मिळाली १ डिसेंबर २०२१पासून, बारनंतर जवळजवळ चौदा महिन्यांनी. दरम्यान २७ मे २०२१ला, दुसऱ्या लाटेची राख गरम असताना, मंत्रिमंडळाने चंद्रपूरची दारूबंदी उठवली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आयात स्कॉचवरचे उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. आरोग्याचे संवर्धन म्हणतात ते हेच असावे.

दारूचे दुकान बंद पाडायला बायांच्या हाती मतदान आहे ना, असे साहेब सांगतात. आहे. वस्तीतल्या पाव महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी. पण दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला मते हवीत एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक. आलेल्यांच्या नव्हे, नोंदलेल्यांच्या! जी पाळीवर गेली, जी बाळंतीण आहे, जी मेली पण यादीतून निघाली नाही, ती प्रत्येक बाई बाटलीच्या बाजूने धरली जाते. आमदाराला निवडून यायला ही अट लावा, विधानसभा ओस पडेल! आणि हिंगण्याची गोष्ट आणखी वाकडी. नवऱ्यामागे छत्तीसगडहून, मध्य प्रदेशातून आलेल्या बाईचे नाव तिच्या गावच्या यादीत असते. रात्री मार खाते ती इथे, मत आहे तिथे.

आमचे मागणे साधे आहे. साथीच्या नावाने असो की उद्योगसुलभतेच्या, बारबाहेर प्यायची कोणतीही परवानगी देताना ती संपण्याची तारीख परवान्यावर लिहा. मंजूर नकाशा आणि वेळ मराठीत दारावर लावा. जागेभोवती राहणाऱ्या बायांची सुनावणी घ्या, यादीत नाव असो वा भाड्याची पावती असो. आणि मतदानात आलेल्या मतांचे बहुमत धरा.

मद्याचे परवाने दरवर्षी ३१ मार्चला संपतात आणि नूतनीकरणाला जातात. हिंगणा आणि वानाडोंगरीच्या बायांनो, त्याआधी सह्यांचा कागद राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात नेऊन द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका!