हिशेबाची वही मुलांच्या हाती

मॉरिशसमधील मराठी समाजाने विद्येची कास का धरली, याचे उत्तर त्याच्या पूर्वजांच्या दुःखात सापडते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाज करारबद्ध मजुरांना घेऊन पोर्ट लुई बंदरास लागले आणि पुढील काळात रत्नागिरीकडील माणसेही त्याच वाटेने या बेटावर आली. महिना पाच रुपयांची मजुरी, आणि एका दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांची कपात. किती दिवस भरले, किती कापले गेले, दुकानाचे देणे किती राहिले, याची नोंद दुसऱ्याच्या वहीत आणि दुसऱ्याच्या भाषेत होत असे. कागदावर अंगठा उठविणे, एवढाच बहुतेकांचा हिशेबाशी संबंध होता.

पुढे दिवस पालटले. मोठ्या मळ्यांचे तुकडे विकले जाऊ लागले, तेव्हा पै-पै साठवून अनेकांनी जमिनी घेतल्या. १९१३ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. मुले शाळेत गेली, शिक्षक झाली, कारकून झाली, डॉक्टर आणि वकीलही झाली. हे सर्व अभिमानास्पद आहे. परंतु या यशात एक उणीव राहून गेली. अक्षरे आली, पदव्या आल्या, तरी हिशेब मात्र दुसऱ्याने ठेवायचा ही जुनी सवय पुरती सुटली नाही. सरकारी नोकरी हेच सुशिक्षिताचे विसाव्याचे स्थान, व्यापार हे इतरांचे काम, अशी समजूत आजही अनेक घरांत आढळते. म्हणूनच प्राथमिक शाळेतील मुलांकडून एखादा लहानसा उद्योग चालवून घ्यावा, या सूचनेचा समाजाने गंभीरपणे विचार करावयास हवा.

यावर कोणी म्हणेल, शाळांत फॅन्सी फेअर भरतेच की! खरे आहे. पण तेथे बहुधा काय घडते? आया पहाटे उठून गातो पिमां तळतात, वडील सामान आणून देतात, मुले टेबलामागे उभी राहतात आणि सायंकाळी गल्ल्यातील रक्कम टाळ्यांच्या गजरात जाहीर होते. डाळीचे, तेलाचे आणि आईच्या श्रमांचे मोल कोठेच मांडले जात नाही. शाळेला मदत म्हणून हे चांगलेच. परंतु मुलांना त्यातून एवढेच कळते की पैसा गल्ल्यात आपोआप जमतो. हे शिक्षण नव्हे.

याउलट एक साधा उपक्रम कल्पून पाहावा. पाचव्या इयत्तेतील तीस मुलांनी पालक-शिक्षक संघाकडून सहाशे रुपये कर्जाऊ घेतले आणि कुंड्यांतून कोथिंबीर लावली. धने हलके रगडून, त्यांची दोन दले करून पेरले. बियाण्यास शंभर, माती व खतास तीनशे, चिठ्ठ्या व रंगास पन्नास, असे साडेचारशे खर्च झाले. डबे घरोघरचे जुने. त्यांची नोंद ‘देणगी’ म्हणून झाली. चाळीस कुंड्या लावल्या, पैकी सहा पाण्याअभावी वा अतिपाण्याने गेल्या. येथेच पहिला धडा मिळतो. एका कुंडीचा खर्च सव्वाअकरा रुपये राहिला नाही. मेलेल्या सहांचा भार जिवंत चौतिसांवर पडून तो सव्वातेरा रुपयांच्या आसपास गेला.

प्रत्येक कुंडी पंचवीस रुपयांस विकली. तीस रोख गेल्या, चार ओळखीच्या मंडळींनी उधार नेल्या. वहीप्रमाणे नफा चारशे रुपये झाला. पण संघाचे सहाशे फेडल्यावर हातात तीनशेच उरले. शंभर रुपये कोठे गेले? ते ‘येणे’ आहेत. वहीतील नफा आणि हातातील पैसा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अनेक प्रौढांस व्यवसाय बुडाल्यावर उमगते. दहा वर्षांच्या मुलास ते चार कुंड्यांवरून समजू शकते. हे सर्व गणित त्याच्या इयत्तेचेच आहे. आणि ही वही मराठीच्या तासाला ठेवली, तर भांडवल, जमा, खर्च, येणे, देणे हे शब्द पाठ करावे लागणार नाहीत. घरी क्रिओल बोलणाऱ्या मुलास त्याची मराठी प्रथमच काहीतरी कामाला आलेली दिसेल.

ही कल्पना परकी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षणात वाचन-लेखनाबरोबर हिशेब व शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असा आग्रह धरला होता. आणि ते स्वतः कंत्राटदारीचा व्यवसाय करणारे होते. १९३७ साली महात्मा गांधींनी वर्धा येथे हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. त्या योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकिर हुसेन समितीने मात्र एक इशाराही दिला होता: उत्पन्नाकडे लक्ष लागून शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे. तो इशारा आजही ध्यानात ठेवावा. अधिक पैसे मिळविणाऱ्या वर्गास बक्षीस देण्याची प्रथा पाडली, तर आईबाप पुन्हा तळणीपाशी उभे राहतील. बक्षीस द्यायचेच, तर चोख वहीस द्यावे, मग तीत तोटा का असेना.

एक आक्षेप मात्र हळवा आहे आणि त्याचा अनादर करता येणार नाही. ज्या आजा-पणज्यांची कोवळी वये उसाच्या मळ्यांत गवत काढण्यात गेली, त्यांनी पोटाला चिमटा घेऊन नातवंडांना शाळेत धाडले. त्या नातवंडांच्या हाती पुन्हा माती आणि खुरपे द्यावे काय? याचे उत्तर असे की त्या मुलांच्या श्रमाचा दर दुसरा ठरवीत होता आणि फळही दुसराच नेत होता. येथे किंमत मूल ठरविते, कर्ज मूल फेडते, उरलेल्या तिनशांचे काय करावे याचा निर्णयही वर्गच करतो. अपमान मातीत नव्हता, तो परक्याच्या वहीत होता.

यासाठी मोठा निधी नको, नवे पाठ्यपुस्तक नको. एक सत्र, एक लहानसे कर्ज आणि मुलांच्या चुका पाहूनही घाईने हात पुढे न करणारा शिक्षक, एवढे पुरे. सत्राच्या अखेरीस त्या वहीच्या शेवटच्या पानावर तीसही मुलांनी आपापल्या सह्या कराव्यात, देवनागरीत, पूर्ण नावाने. आणि ती वही घरोघरी आजी-आजोबांस दाखविण्यास न्यावी.