कुलूप कोणाच्या हिताचे?

“छोट्या कचेरीत आपण सारे घरचेच, मग संगणकातल्या कागदांना कुलपे कशाला?” हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की, आता त्याला लेखी उत्तर द्यावेसे वाटते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने सर्व्हरवर लिहावे ह्याचे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना हसू येईल. येवो बापडे! कोणता कागद कोणी पाहावा आणि कोणी बदलावा, हा प्रश्न यंत्राचा नाहीच. तो माणसांचा आहे, आणि म्हणून तो आमच्याही शाखेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेले वर्षभर मी एका दूध संस्थेच्या कचेरीत संध्याकाळी काम करतो. माझे वडील तेथेच दूध घालतात. त्यांना वाचता येत नाही. चिठ्ठीवरचा फॅटचा आकडा मी त्यांना वाचून दाखवतो. कचेरीत माणसे सहा, संगणक चार. हे चारही संगणक एकाच नावाने आणि एकाच परवलीच्या शब्दाने उघडत, आणि तो शब्द पडद्याच्या कडेला चिकटवलेला असे. संकलनाच्या नोंदी, दहा दिवसांची बिले, पगारपत्रक, उचल घेतलेल्या सभासदांची यादी, सारे एकाच फोल्डरात.

एकदा एका उत्पादकाच्या फॅटच्या आकड्यात फरक निघाला. तो कोणी बदलला हे संगणक सांगू शकेना, कारण त्याच्या लेखी त्या कचेरीत एकच माणूस कामाला होता. मग शोध न लागताच निकाल लागला. बोट गेले ते हंगामी कारकुनाकडे. तो नवा, वाडीवरचा, कोणाच्या नात्यागोत्यातला नाही. पंधरा दिवसांत त्याने येणे बंद केले. आकडा कोणी बदलला हे आजवर कोणालाच ठाऊक नाही. परंतु आपण बदलला नाही हे दाखवण्याचे कोणतेही साधन त्या मुलाजवळ नव्हते.

कुलूप म्हणजे अविश्वास, असे म्हणणाऱ्यांनी ह्या मुलाचा विचार करावा. थोरल्या खुर्चीवरच्या माणसाला कुलूप नसले तरी चालते, कारण त्याच्याकडे बोट दाखवण्याची कोणाची छाती नसते. स्वतंत्र नावाची गरज खरी आहे ती धाकट्याला.

पुढे संस्थेने सर्व्हर बसवला. सर्व्हर म्हणजे काही अजस्र यंत्र नव्हे. चार जीबी स्मृतीचा एक जुना संगणक, दोन नव्या डिस्क आणि एक यूपीएस, एवढेच साहित्य. त्यावर डेबियन आणि सांबा हे प्रोग्रॅम घातले. दोन्ही विनामूल्य मिळतात. सांबा हा अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास लिहावयास घेतला. विंडोजचे संगणक एकमेकांकडे ज्या बोलीत फायली मागतात तिचे नाव एसएमबी. ही तीन अक्षरे असलेला शब्द कोशात शोधता शोधता त्याला ‘सांबा’ सापडला!

ह्या व्यवस्थेत प्रत्येक फोल्डरापुढे तीन प्रकारची माणसे उभी असतात: मालक, गट आणि इतर. प्रत्येकाला वाचण्याची, लिहिण्याची आणि आत शिरण्याची परवानगी वेगवेगळी देता येते. आम्ही सहा जणांना सहा नावे दिली आणि संकलन व हिशेब असे दोन गट केले. संकलनाच्या नोंदी संकलनवाल्यांनीच लिहावयाच्या. हिशेबनिसांनी त्या फक्त वाचावयाच्या. पगारपत्रक संकलनवाल्यांना उघडतच नाही. राज्यशास्त्राच्या तासाला माँतेस्क्यूचे सत्ताविभाजन मी पाठ केले होते. ते समजले मात्र ह्या परवानग्या लावताना.

कोणत्या नावाने कोणती फाईल केव्हा उघडली, लिहिली वा पुसली, ह्याची नोंदवही सांबा ठेवू शकतो. मात्र आतला कोणता आकडा बदलला हे ती वही सांगत नाही. त्यासाठी कालची प्रत जपलेली असावी लागते. दोन डिस्कवर एकच मजकूर उमटतो म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ भेटतात. पण पुसलेली फाईल दोन्हीकडून एकदमच जाते! २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय ह्या खंडणीखोर प्रोग्रॅमने विंडोजमधील जुन्या एसएमबीच्या दोषातून शिरून ब्रिटनमधील कित्येक इस्पितळांची कामे ठप्प केली होती. तेव्हा तिसरी प्रत हवी, आणि तीही तारेपासून सुटी, कचेरीबाहेर.

येथवर सचिवांना माझे म्हणणे पटले आहे. वाद आहे तो पुढे. ह्या सर्व कुलपांवर एक किल्ली असते. तिला ‘रूट’ म्हणतात. ती ज्याच्याकडे असेल त्याला कोणतेही फोल्डर उघडते. एवढेच नव्हे, तर ती नोंदवहीही त्याला खोडता येते. आमच्याकडे ही किल्ली आहे सर्व्हर बसवून देणाऱ्या शहरातल्या गृहस्थांपाशी. “तुम्हाला ती कशाला? अडले तर मला फोन करा,” असे ते म्हणतात. माणूस सज्जन आहे, ह्यात शंका नाही. पण आमच्या पणजोबांच्या काळी गावाचे दप्तर कुलकर्ण्यांच्या घरी असे, आणि ते वतन पिढ्यान्‌पिढ्या चाले. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने रद्द झाली, ती काही सारेच कुलकर्णी लबाड होते म्हणून नव्हे. आता तेच दप्तर आपण आपल्या हातांनी दुसऱ्याच्या घरी का नेऊन ठेवावे?

माझी सूचना साधी आहे. रूटचा परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात अध्यक्षांच्या कपाटात राहावा. पाकीट फोडल्यास तारीख आणि कारण इतिवृत्तात लिहावे. कोणाची परवानगी वाढवावयाची वा काढावयाची, तेही तेथेच नोंदवावे. नोंदवहीची एक प्रत रोज दुसऱ्या संगणकावर जावी, आणि त्या संगणकाची किल्ली सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे नसावी.

येत्या मासिक सभेत हा विषय चौथ्या क्रमांकावर आहे. सचिव म्हणतात, पाच मिनिटांत मंजूर होईल. मला तसे वाटत नाही, म्हणून मी बोलण्याची तयारी करून जाणार आहे.