आधी बंपर पाहिला

परवा रात्री मामेभावाचा फोन आला. जूनमध्ये तो, त्याची बायको आणि दोन्ही मुलं कॅलिफोर्नियाला चाललेत. सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि समुद्राच्या कडेकडेने लॉस एंजेलिसपर्यंत जायचं. त्याचा प्रश्न साधा होता. "दादा, गाडीच्या भाड्याइतकाच इन्शुरन्स दाखवतायत. घ्यायचा, की ही लुबाडणूक आहे?"

मी म्हटलं, लिहूनच कळवतो. तर हे ते उत्तर. सगळ्यांसाठी लिहितोय, कारण आपल्या घरातलं दरवर्षी कुणी ना कुणी तिकडे जातंच. आणि यातली एक गोष्ट मी आजवर ताईशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

सुरुवात आयर्लंडपासून करतो. २०१८ साली आम्ही दोघं तिथे गेलो होतो. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवायची, म्हणजे आपल्यासारखीच. मी भलताच खुशीत होतो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, एक्सेस कमी करणारा जादा विमा घेणार का? एक्सेस म्हणजे गाडीच्या नुकसानीतला आपल्या खिशातून जाणारा वाटा. मी बाणेदारपणे नको म्हटलं. तिने शांतपणे माझ्या कार्डावर दीड हजार युरो अडकवून ठेवले.

केरीमधले रस्ते एवढाले अरुंद, आणि कडेला जी हिरवी झुडपं दिसतात ना, त्यांच्या आत दगडी भिंत असते. समोरून बस आली, मी डावीकडे सरकलो आणि दारापासून चाकापर्यंत लांबलचक चरा उमटला. पुढचे चार दिवस मी तो चराच बघत होतो. मोहेरच्या कड्यांसमोर उभा राहूनही मनात हिशोब चालू, की दाराचे किती लावतील आणि चाकाच्या रिमचे किती. (सौ. अजून म्हणते, तुझ्याबरोबर मोहेरला एकटीच जाऊन आले!) शेवटी साडेसहाशे युरो गेले.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ताईकडे कॅलिफोर्नियाला गेलो, तेव्हा मी आधीच ठरवलं होतं की या वेळी गाडीचा पूर्ण विमा घ्यायचा. घेतलाही. गाडीला काहीही झालं तरी आपल्याला दमडी द्यायची नाही, असा. मग काउंटरवरचा माणूस म्हणाला, सप्लिमेंटल लायबिलिटीही घ्या. मी मनात म्हटलं, आला लगेच दुसरा माल गळ्यात मारायला! एक विमा घेतलाय ना, तोच दुसऱ्या नावाने विकतोय. शिवाय पुण्याहून निघताना प्रवास विमा काढला होता, त्यात 'पर्सनल लायबिलिटी' असं लिहिलेलंही होतं. मी ऐटीत नाही म्हणून किल्ली उचलली.

आठवडाभराने फ्रीमाँटमध्ये एका भारतीय वाणसामानाच्या दुकानाबाहेर गाडी रिव्हर्स घेत होतो. धप्पकन आवाज झाला. मी ब्रेक मारला, खाली उतरलो, मागे गेलो.

आणि आधी बंपर पाहिला.

एक-दोन सेकंदच असेल. पण पाहिला. बंपरला काही झालं नव्हतं. मग खाली बघितलं तर एक शीख आजोबा जमिनीवर बसले होते, हात पोटाशी धरून. त्यांची ढकलगाडी कलंडली होती, टोमॅटो घरंगळत गेले होते. ते माझ्याकडेच बघत होते. मी बंपर बघत होतो, तेव्हाही.

त्यांची मुलगी धावत आली. तिने माझ्या लायसन्सचे, गाडीच्या कागदांचे फोटो काढले आणि ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. आजोबांचं मनगट सुजलं होतं.

त्या रात्री ताईच्या स्वयंपाकघरात बसून मी तो करार पहिल्यांदा वाचला. मी घेतलेला विमा फक्त कंपनीच्या गाडीपुरता होता. आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याचा त्यात संबंधच नव्हता. त्यासाठी कायद्याने लागणारं किमान संरक्षण तेव्हा कॅलिफोर्नियात एका माणसाच्या इजेमागे १५,००० डॉलर होतं. (१ जानेवारी २०२५ पासून ते ३०,००० झालंय.) तिकडचा दवाखाना ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको, एखाद्या ऑपरेशनने ही रक्कम संपू शकते. आणि माझ्या प्रवास विम्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, की मोटार चालवताना झालेली जबाबदारी यात धरलेली नाही. असे विमे बहुधा ती वगळतातच.

आजोबांचं हाड मोडलं नव्हतं. दोन दिवसांनी ताई आणि मी फळं घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा पाजला, पुण्याची चौकशी केली. पैशांचा विषयही काढला नाही. तरीही इजेचा दावा करायला तिथे दोन वर्षांची मुदत असते, आणि ती दोन वर्षं अनोळखी नंबरचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येई. पण भीतीपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. हाड मोडलं असतं तर? मी फळं नेली, दहा वेळा माफी मागितली. माझ्या सज्जनपणाने त्यांचं बिल भागलं नसतं.

हे एकदा एका काकांना मोघम सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, आपली तिकडे मालमत्ता काय? विमानात बसलास की संपलं. कोण येणार वसूल करायला?" व्यवहार म्हणून कदाचित खरंही असेल. पण मग ज्याला आपण पाडलं त्याचं काय? आपण विमानात बसणार आणि तो बिलं भरत बसणार. आपल्याकडेही मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण आपल्या लेखी तो पोलिसाने अडवल्यावर दाखवायचा कागद. 'थर्ड पार्टी' म्हणजे रस्त्यावरचा एक जिवंत माणूस, हे डोक्यातच येत नाही.

तेव्हा माझं मत असं. विम्याचा विचार करताना आपण पहिला प्रश्न चुकीचा विचारतो. 'गाडीला काही झालं तर' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, 'आपल्यामुळे कुणाला काही झालं तर'. आणि त्याचं उत्तर देशागणिक बदलतं. आयर्लंडमध्ये, एकूणच युरोपात, थर्ड पार्टी विमा कायद्याने भाड्याच्या गाडीला असतोच. म्हणून तिथे मला नुसत्या चऱ्याची काळजी करणं परवडलं. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघातात जखमी झालेल्याच्या उपचाराची सोय सरकारी योजनेतून होते, अगदी पाहुण्यांचीसुद्धा; मात्र तिथे थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान आपल्या विम्यात आहे का ते बघायचं. अमेरिकेत दोन्ही बाबतींत राज्यागणिक नियम, आणि तिथे राहणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीचा विमा बहुतेक वेळा भाड्याच्या गाडीलाही चालतो. आपल्याला तो आधार नाही.

म्हणून तुला सांगतो. लायबिलिटी घेच. सहसा तीन लाखांपासून दहा लाख डॉलरपर्यंत संरक्षण असतं. भारतातून आगाऊ बुकिंग करताना गाडीचा विमा आणि लायबिलिटी दोन्ही धरलेले दर मिळतात, ते आधी बघ. काउंटरपेक्षा स्वस्त पडू शकतात. पैसे वाचवायचेच असतील तर लहान गाडी घे. बायको चालवणार असेल तर तिचं नाव करारात घाल. नाव नसलेल्याने चालवली तर घेतलेला विमाही उपयोगी पडेलच असं नाही. ताब्यात घेताना गाडीचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढ. टायर, काचा, गाडीचा तळ विम्यात आहेत का, ते विचार.

आणि एवढं करूनही मागून कधी आवाज आलाच, तर खाली उतरल्यावर आधी बंपर बघू नकोस.