जहाजावर अजून कुणी आहे का?

एक छोटी टेस्ट घ्या. तुमच्या ग्रुपमध्ये ‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’चे पाचही सीझन संपवलेलं कुणी असेल, तर त्याला विचारा : जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, संदेश घेणाऱ्या ऑफिसरचं नाव काय? नायिकेचं नाव तो झोपेतही सांगेल. मायकल बर्नम. तिचे आईवडील, तिला वाढवणारं कुटुंब, टोकदार कानांचा मानलेला भाऊ स्पॉक, सगळं तोंडपाठ असेल. पण ब्राइस, रीस, ओवोसेकुन, डेटमर? ‘हां, ती डोळ्यापाशी मेटल असलेली ना?’ यापुढे गाडी सरकत नाही.

२०१७ ते २०२४ या काळात या मालिकेचे ६५ एपिसोड आले. आपल्याकडे ती नेटफ्लिक्सवर होती. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये चौथा सीझन अगदी तोंडावर असताना ती अमेरिका आणि कॅनडाबाहेरच्या नेटफ्लिक्सवरून काढून टाकली गेली. मालिका संपली, तरी तिच्यावरचा वाद काही संपलेला नाही. हा वाद नीट समजून घेतला, तर आज आपण जे काही बिंज करतो त्यातलं बरंच कळतं. (पुढे स्पॉयलर्स आहेत, आधीच सांगितलंय!)

ओळख झाली आणि गेली

सगळ्यात बोलकं उदाहरण एरियमचं. अर्धं शरीर यंत्राचं असलेली ही ऑफिसर पहिल्या सीझनपासून ब्रिजवर दिसते. दिसते म्हणजे फक्त दिसतेच. दुसऱ्या सीझनच्या नवव्या एपिसोडमध्ये अचानक तिच्यावर कॅमेरा स्थिरावतो. तिचा नवरा अपघातात गेलेला, मेमरीची जागा मर्यादित असल्याने कोणती आठवण ठेवायची आणि कोणती पुसायची हे ती दर आठवड्याला ठरवते. काय भन्नाट कल्पना आहे ही! यावर आख्खा सीझन उभा राहिला असता. पण त्याच एपिसोडच्या शेवटी एरियम मरते. पुढच्या एपिसोडमध्ये तिचा अंत्यविधी, सगळ्यांचे डोळे ओले. आणि तुम्ही स्क्रीनसमोर बसून विचार करता, ‘मला रडू का येत नाहीये?’ कारण सोपं आहे. तुमची तिच्याशी ओळखच पाऊण तासाची आहे.

याच सीझनमध्ये ‘रेड एंजल’ नावाच्या गूढ आकृतीचा शोध चाललेला असतो. आधी वाटतं ती बर्नमच आहे. मग कळतं, ती तिची आई. आणि शेवटी गूढ सिग्नल देणारी निघते ती पुन्हा बर्नमच! विश्व अफाट आहे, पण सगळे रस्ते एकाच घरी जातात. सरू, टिली, स्टॅमेट्स, डॉ. कल्बर यांना बरे प्रसंग मिळाले, हे मान्य करायलाच हवं. बाकीच्यांच्या वाट्याला मात्र ‘शील्ड्स डाऊन’ आणि एकमेकांकडे काळजीने बघणं एवढंच आलं.

ट्रोल आणि तक्रार यांत फरक करा

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बर्नम ही ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या केंद्रस्थानी आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्यामुळे तिच्याविरुद्ध जो गदारोळ झाला, त्यातला मोठा भाग सरळसरळ द्वेषाचा होता. अशांना लेखनाशी काही घेणंदेणं नसतं, त्यांना ती तिथे नकोच असते. आणि हा आरडाओरडा खऱ्या तक्रारीला गिळून टाकतो. ‘पटकथा कमकुवत आहे’ म्हणणारा लगेच त्यांच्याच रांगेत उभा केला जातो.

खरं तर लेखनातल्या या दोषाचा पहिला फटका बर्नमलाच बसतो. सोनेक्वा मार्टिन-ग्रीन ताकदीची अभिनेत्री आहे. पण दर सीझनला विश्व वाचवायचं, दर संकटात तिनेच बरोबर ठरायचं, म्हटल्यावर त्या पात्राला माणूस म्हणून वाढायला जागा कुठे उरते?

मग चुकलं कुठे?

जुन्या ‘नेक्स्ट जनरेशन’शी तुलना करून बघा. १९८७ ते १९९४, सात सीझन, १७८ एपिसोड. वर्षाला साधारण २५. एवढे एपिसोड भरायचे तर एकटा कॅप्टन पुरत नाही. मग या आठवड्यात डॉक्टरची गोष्ट, पुढच्या आठवड्यात इंजिनीअरची. १९८९चा ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा एपिसोड यंत्रमानव डेटाला स्वतःचे हक्क आहेत का, या एका प्रश्नावर उभा आहे. स्फोट नाही, पाठलाग नाही, फक्त एक सुनावणी. तो लिहिला मेलिंडा स्नॉडग्रास यांनी. त्या आधी वकिली करायच्या. त्यांनी स्वतःहून लिहून पाठवलेली ही पटकथा होती आणि त्यावरच त्यांना मालिकेत काम मिळालं.

‘डिस्कव्हरी’चे सीझन १५, १४, १३, १३ आणि १० एपिसोडचे. प्रत्येकात सीझनभर चालणारं एकच महासंकट. घड्याळ सतत टिकटिकतंय, मग डेटमरच्या घरची गोष्ट कोण ऐकणार? त्यात लेखकांचे कप्तानही बदलत गेले. ब्रायन फुलर पहिला सीझन दिसायच्या आधीच बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेली जोडी दुसऱ्या सीझनच्या मध्यातच गेली. मग ॲलेक्स कर्ट्झमन, आणि तिसऱ्या सीझनपासून त्यांच्यासोबत मिशेल पॅराडाइज. तिसऱ्या सीझनला तर आख्खं जहाज ९३० वर्षं पुढे नेलं. पाटी कोरी करण्याचाच हा प्रकार.

म्हणजे दोष कमी एपिसोडचा? तसंही नाही. ‘डिस्कव्हरी’तूनच निघालेली ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ २०२२मध्ये आली. तिचे सीझन दहाच एपिसोडचे. पण तिथे बहुतेक एपिसोडची गोष्ट त्याच एपिसोडमध्ये संपते. दुसऱ्याच एपिसोडमध्ये तरुण उहुरा केंद्रस्थानी येते. दुसऱ्या सीझनमध्ये उना या अधिकारी स्त्रीवरच्या खटल्याला पूर्ण एपिसोड मिळतो. वेळ तेवढाच, वाटणी वेगळी.

आपल्याला याचं काय?

२०२३मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते. पगाराइतकाच महत्त्वाचा मुद्दा होता ‘मिनी रूम’चा : मोजके लेखक, थोडे आठवडे, काम संपलं की घरी. शूटिंगपर्यंत लेखक उरतच नाही. शेवटी झालेल्या करारात सात ते बारा एपिसोडच्या सीझनसाठी साधारणपणे किमान पाच लेखक हवेत, असं ठरलं. एकाच लेखकाने सगळं लिहिलं तर अपवाद. हा आकडा कोरडा वाटेल, पण बाजूच्या खुर्चीतल्या पात्राचा विचार करायला लेखकांच्या खोलीतही कुणीतरी जास्तीचं बसलेलं लागतं.

तुमच्यापैकी कित्येकांना उद्या वेब सीरिज लिहायच्या आहेत. बाकीचे आपण प्रेक्षक आहोतच, आणि आपल्या बोलण्याला आता वजन आहे. पाइकच्या जहाजावर वेगळी मालिका हवी, ही प्रेक्षकांनी लावून धरलेली मागणीच होती. त्यातूनच ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ आली. म्हणून ‘बकवास आहे यार’ लिहून मोकळं होण्याआधी थोडं थांबा. नायकाला सोडून तीन पात्रांची नावं लिहा आणि प्रत्येकाला आयुष्यात काय हवंय ते एका ओळीत लिहून बघा. जमलं, तर लेखकाने काम केलंय. नाही जमलं, तर तुमची तक्रार नेमकी काय आहे ते तुम्हाला सापडलंय. तेच लिहा.

आणि हो, तो संदेश घेणारा ऑफिसर. ब्राइसच.