धुतलं कोणी, वाळत घालणार कोण?

आमच्या टू-बीएचकेमधला सगळ्यात वजनदार मेंबर म्हणजे फ्रंट लोड वॉशिंग मशीन! स्पिनला घर हादरू नये म्हणून बहुतेकांच्या पोटात काँक्रीटचे ठोकळेच बसवलेले असतात.

आडवा ड्रम कपडे वर उचलतो आणि खाली आपटतो. एकदम धोबीघाट स्टाइल! ड्रम काठोकाठ भरावा लागत नाही, त्यामुळे टॉप लोडपेक्षा पाणी बरंच कमी लागतं. आमच्या वाघोलीत उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तिथे हे सुख छोटं नाही. पण स्वारी निवांत. पाणी स्वतःच तापवणार, मग धुणार. कॉटनचा प्रोग्रॅम दोन तास सहज खातो. ऑफिसातून येऊन आठला बटण दाबलं, तर कपडे हातात येणार दहाला.

मशीन आलं तेव्हा नवरा खुशीत म्हणाला, "चला, तुझं काम संपलं!" 'तुझं'? मशीन फक्त धुतं हो. पांढरे-रंगीत वेगळे करणं, खिसे तपासणं, झटकून दोरीवर टाकणं, घड्या घालणं... हे सगळं अजून हातानेच! म्हणून सरळ वाटणी केली. मशीन मी लावते, वाळत तो घालतो. दाराचं रबर पुसायचं कामही त्याचंच, नाहीतर बुरशी आणि कुबट वास ठरलेला. धुणं झालं की दार थोडं उघडंच ठेवायचं. पावडर कमी फेसाची आणि मापातच.

तेव्हा नव्याने संसार थाटणाऱ्यांनो, किलो आणि आरपीएम जरूर विचारा. पण रात्री दहाला दोरीपाशी कोण उभं राहणार, तेही शोरूममध्येच ठरवून टाका!