न दिसणाऱ्या कामाचे मोल

बँकेची नोकरी संपल्यावर मी छत्रपती संभाजीनगरात लेथवर लाकडी पेन करायला शिकू लागलो. शिसवीच्या ठोकळ्याला लांबीतून भोक पाडायचे, त्यात पितळी नळी चिकटवायची आणि पटाशीने तो गोल उतरवायचा. हे लवकर होते. वेळ खातो तो पॉलिश पेपर! १५० नंबरापासून ६०० पर्यंत चढत जायचे. फिरत्या लाकडावर पेपर धरला की गोल ओरखडे उरतात; म्हणून दर वेळी लेथ थांबवून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हातानेच घासावे लागते.

हे कसब महाराष्ट्राला नवे नाही. सावंतवाडीचे चितारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, रंग चढतो. दाब किती द्यायचा, हे फक्त हाताला ठाऊक!

आणि आपण घासाघीस करतो ती लाकडाच्या भावाने. कर्जाच्या अर्जात घर, जमीन, दागिने यांना रकाना असतो. वीस वर्षे मुरलेल्या हाताला नसतो. निदान आपण, गिऱ्हाइकांनी तरी तो मनात आखावा. किंमत विचारण्याआधी वस्तूवरून एकदा बोट फिरवावे. ओरखडा लागला नाही, तर पैसे त्याचेच आहेत.