वाकडा मोती

धाकट्या कन्येसाठी मोती घ्यावेत म्हणून परवा आम्ही पत्थरगट्टीस गेलो. दुकानदाराने गोल मोत्यांची सर दाखविली आणि मग वेड्यावाकड्या मोत्यांची पुडी उलगडून म्हटले, "साब, ये बरोक है, सस्ता पड़ेगा." कलेच्या ग्रंथांत भेटणारा हा शब्द बाजारात ऐकून आम्हांस कौतुक वाटले.

वस्तुतः तो तेथलाच. पोर्तुगीज भाषेत 'बारोको' म्हणजे बेढब मोती; त्यावरूनच कलेतील 'बरोक' आला असे बहुतेक विद्वान मानतात. अठराव्या शतकातील युरोपीय टीकाकारांनी आधीच्या काळातील भव्य, अलंकारबहुल शैलीस हा शब्द हेटाळणीने लावला. १८८८ साली वोल्फलिन या स्विस पंडिताने त्या शैलीचे स्वतःचे नियम उलगडून दाखविले आणि हळूहळू हेटाळणीचे शास्त्रीय नाव झाले. जुन्या गोव्यात, १६०५ साली समर्पण झालेल्या बॉम जेझू चर्चमधील सोन्याने मढविलेली वेदी पाहावी. नुसत्या भडक नक्षीस बरोक म्हणणे मग जिभेवर येणार नाही.

गेल्या सुट्टीत आमच्या कन्येच्या मराठीस पुण्याकडील आप्त हसले. तेव्हापासून ती त्यांच्यापुढे बोलत नाही. तिच्या बोलण्यास दखनी वळण आहे, हे खरे; पण दखनीनेही आपला 'नको' उचलून 'नक्को' केलाच की! शेजाराने दोन्ही भाषा वळल्या, आणि त्या वळणासही नियम आहेत.

आम्ही त्या पुडीतलाच एक मोती घेतला.